कशाचे दहा टक्के?

वहिनींकडे सगळ्यांचं पहिल्यांदा लक्ष गेलं ते शाळेच्या पालकसभेत. सहामाहीचे निकाल लागले होते. पालक रांगेने टेबलापाशी येत, वर्गशिक्षक गुण वाचून दाखवत. कुणाचा चेहरा खुले, कुणाचा पडे, आणि रांग पुढे सरके. वहिनींचा नंबर आला.

"गणितात एक्केचाळीस, विज्ञानात एक्केचाळीस. दोन्हीकडे सारखेच, छान आहे," वर्गशिक्षक म्हणाले.

वहिनी जागच्या हलल्या नाहीत. "गणित कितीपैकी?"

"पन्नासपैकी."

"आणि विज्ञान?"

"ऐंशीपैकी."

"मग सारखे कुठले हो सर? एकीकडे पोरीने बाजी मारलीय आणि एकीकडे कसेबसे निम्मे." मागच्या रांगेत खसखस पिकली. वहिनींनी कानावरची पेन्सिल काढली, निकालपत्रावर एका ओळीपुढे ८२ आणि दुसऱ्या ओळीपुढे ५१ लिहिलं, पेन्सिल पुन्हा कानावर ठेवली, आणि लेकीला म्हणाल्या, "विज्ञानाचं बघू या आपण." आवाजात राग नव्हता. लेकीलाही ते सवयीचं असावं, कारण तिने नुसती मान डोलावली.

वहिनी विजेच्या उपकेंद्रात ऑपरेटर होत्या. त्यांचा धाकटा दीर आधीपासून तिथे लाइनमन होता. त्या नोकरीला लागल्या त्या दिवशी त्याने फाटकातूनच ओरडून सगळ्यांना सांगितलं, "ही माझी वहिनी, जरा सांभाळून घ्या." झालं. तेव्हापासून त्या सगळ्या उपकेंद्राच्या वहिनी झाल्या. त्यांच्या वडिलांच्या वयाचे ऑपरेटरही त्यांना वहिनी म्हणत, नुकतेच लागलेलेही वहिनीच म्हणत. पुढे दिराची बदली झाली, नाव मात्र मागे राहिलं.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत नवऱ्याचं शिवणकामाचं दुकान, मागच्या खोलीत संसार. नवरा बोलायला कमी, मापाला पक्का. सासूबाई दुकानातच खिडकीशी बसून बटणं लावत आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवत. गिऱ्हाइकाचं पोट वाढलं की नवऱ्याच्या आधी त्याच सांगत.

वहिनींनी पस्तिशीत रविवारच्या वर्गाला जाऊन डिप्लोमा केला आणि चाळिशी ओलांडल्यावर कनिष्ठ अभियंत्याच्या खात्यांतर्गत परीक्षेचा अर्ज भरला. "या वयात?" असं सासूबाईंनी विचारलं खरं, पण अभ्यासाच्या वेळी मशीनचा आवाज नको म्हणून लेकाला फक्त हातशिलाई करायला लावणाऱ्याही त्याच.

अभ्यासात वहिनींचा एक धडा लाडका होता: शॉर्टसर्किट झालं तर किती करंट वाहेल, ते आधीच कागदावर काढायचं. तिन्ही तारा एकदम एकमेकींना चिकटल्या, तर तिन्हींतून सारखाच प्रचंड करंट धावतो. याला संतुलित फॉल्ट म्हणतात. तो क्वचितच होतो, पण झाला की सगळ्यांत जड. त्या वेळी करंटला आवरणारं एकच असतं, वाटेतला अडथळा. थोडा मागच्या, म्हणजे उपकेंद्रापर्यंत वीज आणणाऱ्या, जाळ्याचा, बराचसा ट्रान्सफॉर्मरचा. हे अडथळे वेगवेगळ्या दाबाला, वेगवेगळ्या आकाराच्या यंत्रांत असतात. त्यांची सरळ बेरीज होत नाही. म्हणून एक आकार पाया म्हणून ठरवायचा आणि प्रत्येक अडथळा त्या पायाच्या हिश्शात सांगायचा. याचं नाव पर-युनिट. वहिनींना ही रीत पहिल्याच वाचनात पटली. जन्मभर त्या जे विचारत आल्या होत्या तेच इथे कुणीतरी नियम करून ठेवलं होतं: कितीपैकी?

त्याच वर्षी उपकेंद्रात दोन नवे ट्रान्सफॉर्मर आले. गाव वाढलं होतं, कारखाने वाढले होते, दहा एमव्हीए क्षमतेचे जुने दोघे दुपारी तापून घामाघूम होत. त्यांच्या जागी पंचवीस-पंचवीसचे दोन धिप्पाड गडी येऊन बसले. तेल भरलं, चाचण्या झाल्या. मात्र लांबट खोलीतले अकरा पॅनेल जुनेच राहणार होते. करड्या रंगाचे, हातभर अंतरावर उभे राहून चालवायचे. प्रत्येकाच्या पोटात एक ब्रेकर. शॉर्टसर्किट झालं की त्याने करंट तोडायचा. त्याची ताकद त्याच्या पाटीवर कोरलेली होती: दहा हजार अँपिअर. त्याहून जास्त तोडायला लावलं तर तो तोडेलच असं नाही. तो फुटेल. आणि समोर उभा असेल तो ऑपरेटर.

तिथे बहुतेक वेळा तात्या उभे असत. तात्या म्हणजे सगळ्यांत जुने ऑपरेटर, निवृत्तीला दोन वर्षं उरलेले, पॅनेलवर हात ठेवून "काय म्हणतंय लेकरू" असं विचारणारे.

कार्यालयातून फाइल आली. "ट्रान्सफॉर्मरचा टक्के अडथळा पूर्वीइतकाच असल्याने फॉल्ट करंटमध्ये फरक नाही. विद्यमान ब्रेकर पुरेसे." सोबत वीस वर्षांपूर्वीच्या हिशेबाच्या कागदाची प्रत होती आणि शेवटचं उत्तर: साडेसात हजार. दहाच्या आत. खाली साहेबांची सही.

वहिनी यार्डात गेल्या, नव्या ट्रान्सफॉर्मरची पाटी हाताने पुसली. टक्के अडथळा: दहा. मग कोपऱ्यात उतरवून ठेवलेल्या जुन्याकडे गेल्या. तिथेही दहा. फाइल खोटं बोलत नव्हती. तरीही पाणी कुठेतरी मुरत होतं.

"तात्या, हे बघा. दोघांच्या पाटीवर दहाच."

"मग बरंच झालं की. कटकट मिटली."

"पण कशाचे दहा?"

"टक्के हो, वहिनी! आणि कशाचे?"

त्या दिवशी वहिनींनी डब्याला हात लावला नाही. जेवणाच्या सुट्टीत वहीत हिशेब मांडला आणि उत्तर बघून त्या चपापल्या. सव्वीस हजार दोनशे पन्नास. चहाच्या वेळेला त्या तडक साहेबांच्या खोलीत गेल्या.

साहेब म्हणजे कार्यकारी अभियंता. माणूस वाईट नव्हता. टेबल नीटनेटकं, बोलणं मोजकं, चूक दिसली की डोळा नेमका तिथेच जाणारा. त्यांनी वही वरपासून खालपर्यंत पाहिली आणि हसले.

"वहिनी, मागच्या जाळ्याचा अडथळा कुठाय?"

परीक्षेच्या पुस्तकातल्या उदाहरणांत मागचा पुरवठा अनंत, म्हणजे बिनअडथळ्याचा, मानायला सांगतात. हातालाही तीच सवय लागली होती.

"तो राहिला, साहेब."

"राहिला? पाठीमागून काय समुद्र येतोय? पुस्तकातली गणितं पुस्तकात ठीक. इथे माणसं काम करतात." त्यांनी वही मिटून परत दिली. "परीक्षा द्या हो, जरूर द्या. पण आधी पाया, मग कळस."

बातमी चहा संपायच्या आत सगळीकडे पोचली. पुढचे चार दिवस वहिनी खोलीत शिरल्या की कुणीतरी म्हणे, "आल्या सव्वीस हजार!" एकाने हजेरीच्या फळ्यावर त्यांच्या नावापुढे तेवढा आकडाही लिहिला. वहिनींनी तो पुसला नाही. वर्गात कुणी हसलं म्हणून फळा पुसणारी मुलं वेगळी असतात. वहिनी त्यातल्या नव्हत्या.

चूक झाली होती, ती कबूल. पण चूक एक होती आणि साहेबांनी फेकली होती सगळी वही. ट्रान्सफॉर्मरच्या ओळीवर त्यांची नजर थांबलीच नव्हती.

साहेबांनी वही परत दिली त्या संध्याकाळी वहिनी घरी नुसत्याच भांडी आपटत होत्या. नवरा मेजावर कापड पसरून खडूने आखत होता. सासूबाईंनी सुईत दोरा ओवता ओवता विचारलं, "कुणाशी वाजलं?"

"कुणाशी नाही. माझंच चुकलं."

"मग भांड स्वतःशी आणि मोकळी हो. भाजी करपतेय."

वहिनी चूल आवरून पुढच्या खोलीत आल्या. "अहो, एक सांगा. तुम्ही गळा कसा काढता?"

नवऱ्याने वर न पाहता सांगितलं, "रुंदी छातीच्या बाराव्या हिश्शाने."

"सगळ्यांचा?"

"सगळ्यांचा बारावा हिस्साच. पण छाती कुणाची ते आधी कागदावर लिहायचं. नाहीतर बापाच्या सदऱ्याला पोराचा गळा लागेल."

"पैलवानाचा बारावा हिस्सा आणि याचा बारावा हिस्सा," सासूबाईंनी लेकाच्या काटकुळ्या अंगाकडे सुई रोखली, "एक कसा व्हायचा?"

नवऱ्याने खडूची रेघ तेवढी सरळ नेली. वहिनींनी मात्र तिथेच मेजाच्या कडेला वही उघडली.

जुना कागद दहा एमव्हीएचा पाया धरून केलेला होता. ट्रान्सफॉर्मरही दहाचे, म्हणून पाटीवरचे दहा टक्के जसेच्या तसे कागदावर उतरले होते. तिथे ते बरोबरच होते. दोन ट्रान्सफॉर्मर शेजारी शेजारी जोडलेले, म्हणजे अडथळा निम्मा, पाच टक्के. मागच्या जाळ्याचे दोन टक्के. एकूण सात. पायाचा करंट पाचशे पंचवीस अँपिअर, भागिले सात टक्के, आले साडेसात हजार. पण नव्या पाटीवरचे दहा टक्के पंचवीसच्या मापाचे होते. दहाच्या मापात आणले की ते चारच उरत. दोघांचे मिळून दोन. मागच्या जाळ्याचे दोन. एकूण चार.

पाचशे पंचवीस भागिले चार टक्के. तेरा हजार एकशे पंचवीस.

सव्वीस हजार नव्हते, पण दहाच्या वर होते. ब्रेकरला दहाच्या वर किती हे कळत नाही. त्याला वर एवढंच कळतं.

वहिनींनी लगेच धाव घेतली नाही. मागच्या जाळ्याचे दोन टक्के हा आकडा त्याच वीस वर्षांच्या कागदावरचा होता. एकदा तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. त्यांनी वरच्या मोठ्या उपकेंद्राला फोन लावला. तिथला माणूस म्हणाला बघतो. दुसऱ्या दिवशी म्हणाला बघतोय. तिसऱ्या दिवशी वहिनी त्यांच्या सुट्टीत दोन बस बदलून तिथे गेल्या आणि त्याच्या टेबलासमोरच्या बाकावर बसून राहिल्या.

"अहो बाई, लेखी पाठवू की आम्ही."

"पाठवा ना. मी घेऊनच जाते."

दीड तासाने त्याने कागद दिला. आकडा बदलला नव्हता. दोन टक्के ते दोन टक्केच.

ट्रान्सफॉर्मर चार्ज करायला, म्हणजे त्यांत वीज सोडायला, आठ दिवस राहिले होते. वहिनींनी आधी तात्यांना गाठलं, कारण पॅनेलपुढे उभं त्यांना राहायचं होतं.

"तात्या, दहा टक्क्यांचा अर्थ साधा आहे. शॉर्ट झालं तर ट्रान्सफॉर्मर आपल्या पूर्ण करंटच्या दहापट सोडतो. आपल्या. लहान असेल तर लहानाच्या दहापट, मोठा असेल तर मोठ्याच्या दहापट."

तात्या दाढी खाजवत राहिले. "म्हणजे शेळीनं लाथ मारली तरी जोर लावून, आणि बैलानं मारली तरी जोर लावूनच."

"हं."

"आणि आमचा ब्रेकर शेळीच्या हिशेबाचा." तात्यांनी शेजारच्या पॅनेलवरचा हात हळूच काढून घेतला. "साहेबांना सांगितलंत?"

"आता सांगते."

"ऐकतील? परवाच तर..."

"नाही ऐकलं तर लेखी मागीन."

उपकेंद्रात एक रीत होती. अकरा पॅनेलच्या मागून जाणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या मधोमध दुभंगलेल्या होत्या आणि त्यांना जोडणारा एक ब्रेकर होता, कपलर. तो जोडला की दोन्ही ट्रान्सफॉर्मर एकाच गाड्याला जुंपले जात. असं काही जोडताना ऑपरेटरला धोका वाटला तर तो लेखी आदेश मागू शकत असे, आणि तशी नोंद लॉगबुकात करू शकत असे. नियम होता. पण अठरा वर्षांच्या नोकरीत वहिनींनी तो वापरलेला कुणी पाहिला नव्हता. साहेबांकडे लेखी मागणं म्हणजे त्यांच्या सहीवर संशय घेणं. शिवाय परीक्षेच्या अर्जाला शिफारस लागते, ती साहेबांचीच, आणि अर्ज अजून त्यांच्याच टेबलावर होता.

वहिनी आत गेल्या. टेबलावर तीन कागद ओळीने ठेवले: जुना हिशेब, नवा हिशेब, मोठ्या उपकेंद्राचं पत्र.

"पुन्हा?" साहेब म्हणाले.

"पुन्हा. मागचं जाळं या वेळी धरलंय."

साहेबांनी कागदाला हात लावला नाही. "वहिनी, तारीख ठरलीय. कारखानदार रोज फोन करतात. दोन्हीकडे दहा टक्के आहेत, हे तुम्हीच पाटी पुसून पाहिलंत म्हणे. मग अडचण काय?"

"कशाचे दहा टक्के, साहेब?"

"मला शिकवताय?"

"नाही. तपासून घेतेय. माझं चुकलं असेल तर दाखवा, मी फळ्यावर तेरा हजारही लिहून घेईन. पण चुकलं नसेल, तर दोन्ही ट्रान्सफॉर्मर लावून कपलर जोडायचा आदेश मला लेखी द्या. तोंडी सांगितलंत तर माझ्या पाळीत मी जोडणार नाही. तसं लॉगबुकात लिहीन."

साहेबांचा चेहरा लाल झाला. साहेबांनी आदेशाचा कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं, तारीख लिहिली. विषय लिहिला. मग पेन थांबलं. तोंडी सांगताना जे सरळ वाटतं ते स्वतःच्या अक्षरात उतरवताना माणूस एकदा वाचून बघतो.

त्यांनी जुना कागद जवळ घेतला. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "पाया: दहा एमव्हीए." बोट खाली सरकलं. ट्रान्सफॉर्मर, दहा टक्के. तिथे ते खूप वेळ राहिलं. मग त्यांनी पेन ठेवून पेन्सिल घेतली आणि वहिनींच्या वहीत न पाहता, स्वतःच, कोऱ्या कागदावर हिशेब मांडला. वहिनी उभ्याच होत्या. उलट्या बाजूने आकडे वाचता येत होते. दहा गुणिले दहा, भागिले पंचवीस. चार. निम्मे, दोन. अधिक दोन.

"तेरा हजार," साहेब म्हणाले.

"एकशे पंचवीस."

"हा जुना कागद मीच केलेला आहे. नवीन लागलो होतो. तीन दिवस लागले होते."

"तो बरोबरच आहे, साहेब."

"होता," साहेब म्हणाले. त्यांनी मान वर केली. "कपलर सुटा ठेवला तर? प्रत्येक बाजूला एकच ट्रान्सफॉर्मर. चार अधिक दोन..."

"सहा. आठ हजार सातशे पन्नास."

"हेही काढलंत?"

"काढलंय. मागच्या पानावर."

साहेब किंचित हसले. परवाचं हसणं वेगळं होतं. "दहाच्या आत आहे. पण एक ट्रान्सफॉर्मर बंद पडला तर अर्धं गाव अंधारात जाईल. तो बाजूला काढून कपलर जोडेपर्यंत पाच-दहा मिनिटं."

"जाईल."

"शिव्या मला पडतील."

"हो," वहिनी म्हणाल्या. खोटा दिलासा देणं त्यांना जमत नसे.

साहेबांनी तोच कागद पुढे ओढला. तारीख तीच ठेवली. विषयातला एक शब्द खोडला आणि आदेश लिहिला: नवे ब्रेकर येईपर्यंत दोन्ही ट्रान्सफॉर्मर चालू असताना कपलर जोडू नये; कुलूप लावावे; किल्ली पाळीप्रमुखाकडे राहील. सही केली. ब्रेकरच्या मागणीचं पत्र त्याच दिवशी गेलं. वहिनींच्या अर्जावरची शिफारसही गेली. त्यात साहेबांनी कौतुकाचा एक शब्द जास्त लिहिला नाही, एक कमीही लिहिला नाही.

ठरलेल्या दिवशी ट्रान्सफॉर्मर चार्ज झाले. तात्यांनी गावाकडे वीज नेणारा एकेक फीडर जोडला आणि दर वेळी पॅनेलला म्हणाले, "सांभाळ रे." कपलरवर कुलूप होतं. पुढच्या दीड वर्षात दोनदा अर्धं गाव अंधारात गेलं, एकदा सात मिनिटं, एकदा अकरा. दोन्ही वेळा साहेबांचा फोन गरम झाला. दोन्ही वेळा त्यांनी किल्लीबद्दल अवाक्षर काढलं नाही.

वहिनी परीक्षेत पहिल्यांदा नापास झाल्या. हिशेबात नाही, नियमांच्या पेपरात. सासूबाईंना हे काही केल्या पटेना. "ज्या नियमावर साहेबाला उभं केलंस तोच आला नाही?"

"तोच एक येत होता," वहिनी म्हणाल्या आणि पुन्हा अर्ज भरला. दुसऱ्या खेपेला पास झाल्या. तोवर नवे ब्रेकर आले होते, पंचवीस हजारांचे, आणि तात्या आपल्या पायांनी चालत, दोन्ही हात शाबूत, निवृत्त झाले होते. निरोपाच्या दिवशी त्यांनी भाषण केलं नाही. वहिनींकडे बोट दाखवून "हिला विचारा" एवढंच म्हणाले आणि खाली बसले.

वहिनी आता विभागीय कार्यालयात कनिष्ठ अभियंता आहेत. सात उपकेंद्रांचे फॉल्टचे हिशेब त्यांच्याकडे असतात.